तीस लिटर समुद्र

(द्वितीय वर्ष कला, भूगोल)

मी अजून समुद्र पाहिलेला नाही. नगरपासून मुंबईचा समुद्र सुमारे अडीचशे किलोमीटर, सकाळच्या एस.टी.ने निघाले तर संध्याकाळच्या आत पाय भिजवता येतील. पण जाणे झालेले नाही. तरीही दर दुसऱ्या शनिवारी संध्याकाळी सावेडीतल्या एका घराच्या मागल्या बाल्कनीत बसून मी तीस लिटर समुद्र तयार करतो. खोलीवरच्या मित्रांना हे पहिल्यांदा सांगितले तेव्हा त्यांना वाटले, पोराला उन्हाचा झटका आला.

प्रथम वर्षाच्या भूगोलाच्या पेपरात 'सागरजलाची क्षारता' अशी टीप आली होती. मी घडाघडा लिहिले : सरासरी क्षारता दर हजारी ३५, एकूण क्षारांपैकी सोडियम क्लोराइड म्हणजे आपले मीठ ७७.८ टक्के, बाकीचे मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम यांचे क्षार. 'चॅलेंजर' जहाज १८७२ ते १८७६ जगभर फिरले, त्याने आणलेले पाण्याचे ७७ नमुने डिटमार या रसायनशास्त्रज्ञाने तपासले आणि १८८४ साली सांगितले, की समुद्र कुठला का असेना, खारटपणा कमीजास्त होईल पण क्षारांचे आपसातले प्रमाण जवळजवळ तेच राहते. सरांनी पाचपैकी चार गुण दिले. तांबड्या समुद्रात बाष्पीभवन फार, नद्या जवळजवळ नाहीत, म्हणून तिथली क्षारता ४० च्या घरात जाते, हेही लिहिले होते. ते वाक्य पुढे माझ्यावरच उलटायचे होते. पण त्या वेळी पस्तीस काय नि चाळीस काय, पाठ करण्याचे आकडे होते, एवढेच.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. आमचे गाव जामखेड तालुक्यात. दसरा झाला की आईवडील उचल घेऊन ऊसतोडीला जातात, ते पट्टा पडेपर्यंत फडावर. मला आणि धाकट्या बहिणीला आजीने वाढवले. प्रथम वर्षाला दिवाळीनंतर घरचे पैसे संपले, तेव्हा खानावळीतल्या एकाने सांगितले की सावेडीत एका दातांच्या डॉक्टरांकडे माशांच्या टाकीकडे बघायला मुलगा हवा आहे. मला वाटले, सोनेरी मासे असतील. चिमूटभर खाद्य टाकायचे, काच पुसायची, झाले.

टाकी पाहिली आणि बोलायचे विसरलो. तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. आत दगडांची कपार आणि त्या दगडांवर फुलासारखे, अळंबीसारखे, पंजासारखे काहीतरी उगवलेले, आणि ते सगळे हलत होते. "वनस्पती नाही रे, प्राणी आहेत," डॉक्टर म्हणाले. मऊ जातीची प्रवाळे. कठीण सांगाड्याची, म्हणजे खरे खडक उभारणारी प्रवाळे ठेवायची नाहीत, असा त्यांचा नियम. ती २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, वाघाच्या पंगतीला आहेत. आपल्या मालवणजवळ ती आहेत, आणि विजयदुर्गपासून शंभरएक किलोमीटर आत कान्होजी आंग्र्यांच्या नावाचा एक आख्खा बुडालेला पठारभाग, आंग्रिया बँक, त्यांनी भरलेला आहे. हे मला भूगोलाच्या वर्गात नाही, त्या दिवाणखान्यात कळले. मासे दोनच, नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेले. या जातीच्या माशांची पैदास बंदिस्त जागेत करण्याचे तंत्र केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने आपल्याकडे बसवले, त्यामुळे हे मासे हॅचरीतले होते. समुद्र त्यांनीही पाहिलेला नव्हता. त्या एका गोष्टीमुळे मला ते जवळचे वाटले. शिवाय एक झिंगा होता, लाल अंगावर पाठभर पांढरी रेघ. तो माशांच्या अंगावर चढून त्यांची साफसफाई करी आणि मासे न्हाव्यापुढे बसल्यासारखे स्वस्थ उभे राहत.

आता कृती सांगतो. तुम्ही म्हणाल, मिठाचे पाणी करायला शिकवणी कशाला? मलाही तेच वाटले होते.

पहिली गोष्ट पाणी. डॉक्टरांच्या बोअरच्या पाण्यावर मीटर धरला तर तो ९०० च्या वर आकडा दाखवतो. म्हणजे त्यात आधीच कसले ना कसले क्षार विरघळलेले. त्यांत नायट्रेट असेल, फॉस्फेट असेल, नळाच्या फिटिंगचे तांबे असेल. माणसाला चालणारे तांबे झिंग्याला विष. म्हणून पाणी आर.ओ.तून काढून पुढे राळेच्या नळीतून न्यायचे, मीटर शून्य दाखवीपर्यंत. एवढ्या शुद्ध पाण्यात काहीच नाही, आणि मग त्यात सगळे आपण मोजून घालायचे.

दुसरी गोष्ट मीठ. स्वयंपाकाच्या मिठाने भागत नाही, कारण समुद्र म्हणजे नुसते मीठ नव्हे. १८५४ साली फिलिप गॉस नावाच्या इंग्रज निसर्गशास्त्रज्ञाने साधे मीठ, एप्सम सॉल्ट, मॅग्नेशियम क्लोराइड आणि पोटॅशियम क्लोराइड एकत्र करून घरच्या घरी समुद्रजल बनवण्याची कृती छापली. समुद्रापासून दूर लंडनमध्ये बसून सागरी जीव पाळण्याची सोय व्हावी म्हणून. मुंबईला तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली उघडले ते अगदी समुद्राच्या काठावर. नगरला लंडनचीच तऱ्हा. हल्ली हे मिश्रण तयार बादलीत मिळते. त्या बादलीची किंमत माझ्या दोन-तीन महिन्यांच्या खानावळीच्या बिलाइतकी, त्यामुळे पहिल्या दिवशी ती उघडताना माझा हात कापला होता. तिच्या झाकणात फट राहिली तर मीठ हवेतला ओलावा ओढते. मग तराजूवर जे मीठ म्हणून मोजतो त्यात पाणीच जास्त असते. प्रवासात जड कण तळाशी बसतात, म्हणून काढण्यापूर्वी बादली लोळवून घ्यायची.

तिसरी गोष्ट क्रम. आधी पाणी, मग मीठ. उलट केले, म्हणजे मिठाच्या ढिगावर पाणी ओतले, तर तिथल्या तिथे कॅल्शियम आणि कार्बोनेट इतके दाट होतात की त्यांची चुन्यासारखी पांढरी पूड होऊन बसते, आणि ती पुन्हा काही केल्या विरघळत नाही. माझा पहिला समुद्र असाच दुधाळ झाला होता. डॉक्टरांनी ड्रममध्ये डोकावून पाहिले आणि म्हणाले, "भिंतीला लावायला चांगला आहे."

तर तीस लिटर पाणी ड्रममध्ये घ्यायचे, पाणी फिरवणारी छोटी मोटर सोडायची, तापमान पंचवीस-सव्वीस अंशांवर आणायचे आणि मीठ थोडे थोडे घालत जायचे. आमच्या बादलीचा हिशेब लिटरमागे ३८ ग्रॅम. म्हणजे तिसाला ११४० ग्रॅम. (पस्तीस नव्हे, अडतीस, कारण लिटरभर समुद्राचे वजन किलोहून जास्त भरते आणि या क्षारांच्या स्फटिकांत थोडे पाणीही दडलेले असते.) मग रात्रभर फिरू द्यायचे. सकाळी मोजायचे. कमी भरले तर चिमूटभर मीठ, जास्त भरले तर पेलाभर पाणी. मगच टाकीतले तीस लिटर काढून हे तीस लिटर आत.

या सगळ्यात मला एकच गोष्ट टोचत असे, आणि ती मी बरेच दिवस कुणाला सांगितली नाही. आर.ओ. एक लिटर शुद्ध पाणी देते तेव्हा तीन-एक लिटर बाहेर टाकते. पंधरवड्याचे तीस लिटर आणि उडालेल्या पाण्याची भरपाई धरली तर पावणेदोनशे लिटर पाणी दोन माशांसाठी वेगळे पडते. आमच्या गावात उन्हाळ्यात टँकर येतो. टँकर विहिरीत सोडतात आणि विहिरीच्या काठावर पोहरे एकमेकांवर आदळतात; माझ्या बहिणीच्या कपाळावर त्याची खूण आहे. मी ते बाहेर टाकलेले पाणी बादल्यांत धरू लागलो. फरशी, संडास, गाडी सगळे त्यावर होते. मॅडम म्हणाल्या, "किती काटकसरी आहेस रे!" मी गप्प राहिलो. काटकसर नव्हती ती, भीती होती; आजीने पाहिले तर काय म्हणेल याची.

मोजण्याचे यंत्र मात्र मला ओळखीचे निघाले. रिफ्रॅक्टोमीटर. हातभर नव्हे, वीतभर लांबीची दुर्बीण. एका टोकाला काच, काचेवर दोन थेंब टाकायचे, झाकण लावायचे आणि उजेडाकडे तोंड करून बघायचे. वर निळे, खाली पांढरे; दोन्हींची सीमा ज्या आकड्यावर ती क्षारता. पाण्यात जितके जास्त विरघळलेले तितका उजेड जास्त वाकतो, असे ते तत्त्व. मी आठ-नऊ वर्षांचा असताना आईवडिलांबरोबर एक हंगाम फडावर काढला होता. कारखान्याचा चिटबॉय उसाच्या कांडीतून रस काढून असल्याच दुर्बिणीत बघायचा; ऊस तोडणीला आला की नाही ते त्या ब्रिक्सच्या आकड्यावर ठरायचे. एकदा त्याने मला बघू दिले होते. वर निळे, खाली पांढरे. मला वाटले, आत आभाळ आणि कापूस आहे.

फडावर मोजमापाची दुसरीही एक गोष्ट शिकलो. गाडी भरताना वडिलांना अंगाच्या दुखण्यावरून कळायचे किती टन झाले; काट्यावर आकडा निघायचा तो त्याहून कमी. "काटा मारला," असे वडील म्हणायचे आणि तंबाखू मळत बसायचे. खरेच मारला होता का, कुणी मारला, मला ठाऊक नाही, आणि कोणता काटा तेही इथे सांगण्याचे कारण नाही. पण कुठेतरी कुणीतरी एक स्क्रू फिरवला की माझ्या आईच्या दिवसभराच्या मोळ्यांतल्या चार मोळ्या नाहीशा होतात, एवढे त्या वयात कळले.

रिफ्रॅक्टोमीटरलाही एक स्क्रू असतो. बारीक पेचकसाने फिरवला की सीमारेषा वरखाली होते. ज्याची क्षारता आधीच ठाऊक आहे असे पाणी काचेवर टाकून रेषा त्या आकड्यावर बसवायची, हा त्याचा उपयोग.

गेल्या मे महिन्यात डॉक्टर सहकुटुंब नऊ दिवस बाहेरगावी गेले. किल्ली माझ्याजवळ. जाताना म्हणाले, "पाणी उडेल, टाकीवर पंखा आहे. रेघेच्या खाली जाऊ देऊ नकोस, रोज भरत जा." नगरचा मे महिना, रोज दोन लिटर पाणी उडत होते. शेजारी ड्रममध्ये मी केलेला ताजा समुद्र तीस लिटर भरलेला. समुद्र कमी झाला तर समुद्रच घालायचा, यात विचार करण्यासारखे मला काही दिसले नाही. नऊ दिवस रोज दोन लिटर मी तोच घातला.

उडते ते पाणी. मीठ जागेवर राहते. हे मी पेपरात लिहिले होते, त्याला गुण मिळवले होते! अठरा लिटरांतून सहाशे तीस ग्रॅम मीठ मी टाकीत जादा ओतले. टाकीत दगड वजा जाता पाणी दीडशे-एकशे पंचावन्न लिटर. भागाकार तुम्हीच करा. नवव्या दिवशी सकाळी काचेवर थेंब टाकले तर सीमारेषा ३९ वर. प्रवाळांनी अंग आकसून घेतले होते. आणि कपारीत तो झिंगा आडवा पडलेला.

झिंगे कात टाकतात. पाय, मिशा, डोळ्यांच्या टोप्या यांसकट आख्खे पोकळ अंग मागे सोडून झिंगा बाजूला होतो. नवख्याला तो मेलाच वाटतो. मी स्वतःला सांगितले, ही कातच आहे. चिमट्याने उचलली. कात हलकी असते, आरपार दिसते. हे जड होते.

डॉक्टर संध्याकाळी येणार होते. तो दिवस मला नीट आठवतो, कारण मी काय करतो आहे ते मला पूर्ण कळत होते. आधी मी म्हणालो, यंत्र बिघडले असेल. मग यंत्र दुरुस्त केल्यासारखा पेचकस घेतला, टाकीतल्या पाण्याचे थेंब काचेवर टाकले आणि स्क्रू फिरवत रेषा ३९ वरून ३५ वर आणून ठेवली. वहीत लिहिले : क्षारता ३५. झिंगा बागेत कुंडीत पुरला. संध्याकाळी सांगितले, "सर, झिंगा दिसत नाही, कात सापडली फक्त." डॉक्टरांनी यंत्र लावून पाहिले. पस्तीस.

एकदा स्क्रू फिरवला की तो पुढेही काम करीत राहतो, हे माझ्या लक्षात आले नव्हते. पुढच्या शनिवारी ११४० ग्रॅम मीठ घालून समुद्र केला तर यंत्र म्हणे एकतीस. पस्तीस दिसेपर्यंत आणखी सव्वाशे ग्रॅम घालावे लागले. तराजू एक सांगत होता, भिंग दुसरे. त्याच्या पुढच्या वेळीही तसेच. डॉक्टर म्हणाले, "मिठाची ही बादली ओल धरून बसलेली दिसते." मी मान हलवली. महिनाभरात दोन गोगलगायी मेल्या, आणि अळंबीसारखी प्रवाळे काही पूर्ण उमलेनात.

जूनमध्ये चार दिवस गावी गेलो. आजीविषयी थोडे सांगतो. शाळेचे तोंड तिने पाहिलेले नाही. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने १९७० साली जामखेडला ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. गावोगावच्या बायकांनाच शिकवून गावाचे आरोग्य त्यांच्या हाती द्यायचे, ही त्यांची रीत. तिची कीर्ती पुढे जगभर गेली आणि १९७९ साली दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आजी आमच्या गावाची तशी आरोग्य कार्यकर्ती होती. शिक्षणासाठी दर आठवड्याला जामखेडला जायची. तिथे सगळ्या जातींच्या बायका एका घोंगडीवर निजत, एकत्र जेवत. गावात परतल्यावर त्यावरून तिला बोलणीही खावी लागली.

रात्री अंगणात तिने विचारले, "तू तिथं करतूस तरी काय रं? मासं धरतूस?"

मी म्हणालो, "मिठाचं पाणी करतो, आजी. मोजून."

"मग ते म्या शिकवलं असतं की," ती म्हणाली आणि हसली. मग तिने आपले पाणी सांगितले. लहानपणापासून मी ते ऐकत आलो आहे. मला आणि बहिणीला ते तिने पाजलेलेही आहे. हगवण लागलेल्या पोराला द्यायचे पाणी : एक लिटर उकळून गार केलेले पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. 'सपाट' म्हणताना ती अजूनही हवेत बोट फिरवते. चमच्यावर शीग ठेवायची नाही, बोटाने उडवायची. आणि पाजण्याआधी स्वतः चाखायचे. डोळ्यातल्या पाण्याहून खारट लागले तर ओतून द्यायचे.

या पाण्यामागे केवढे शास्त्र आहे ते मला कॉलेजच्या ग्रंथालयात कळले. हगवण लागलेली असताना आतड्याला नुसते मीठ नीट शोषून घेता येत नाही, साखरेबरोबर ते आत जाते आणि आपल्याबरोबर पाणी नेते. १९७१ साली बांगलादेशच्या निर्वासितांत कॉलरा पसरला, सलाइन संपले, तेव्हा बनगावच्या छावणीत डॉ. दिलीप महालनोबिस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा यांचे मिश्रण पाण्यात कालवून पाजले आणि माणसे वाचवली. हल्लीच्या पाकिटात लिटरमागे मीठ २.६ ग्रॅम असते. समुद्रात त्याच्या कैक पट. समुद्र पाजला तर पोर मरेल, हे पाणी समुद्रात ओतले तर प्रवाळ मरेल, दोन्हींकडे मीठच.

त्या रात्री आजीने एक गोष्ट सांगितली ती मी पूर्वी ऐकली नव्हती. तिच्या सुरुवातीच्या वर्षांतली. एका घरी तिने हे पाणी शिकवले. त्या बाईला वाटले, अर्ध्या चमच्याने एवढा गुण येतो तर दोन चमच्यांनी लवकर येईल. पोर आणखी सुकले, डोळे आत गेले. बैलगाडीत घालून जामखेडला नेले आणि ते वाचले.

"चूक त्या बाईची," मी म्हणालो.

"न्हाय रं. म्या तिला सांगितलं, पर तिच्या हातनं करून न्हवतं घेतलं. आन् चाखून बघितलं न्हवतं." थोड्या वेळाने ती म्हणाली, "आठवड्याच्या बैठकीत समद्यांच्या म्होरं उभी ऱ्हाऊन सांगितलं म्या. लई रडू आलं. पर न सांगून काय करती? दुसऱ्या गावात बी तसंच झालं असतं की."

मी चुलीतल्या राखेकडे बघत बसलो. आजीला मी काही सांगितले नाही. तिला काही कळले असेल असेही मला वाटत नाही.

नगरला परतल्यावर खोलीवरच्या मित्राला घेऊन त्याच्या सायन्स कॉलेजच्या प्रयोगशाळेत गेलो. रिफ्रॅक्टोमीटर तपासण्याची एक सोपी रीत आहे : ३६.५ ग्रॅम शुद्ध सोडियम क्लोराइड आणि ९६३.५ ग्रॅम ऊर्ध्वपातित पाणी. हे काही समुद्रजल नव्हे, पण उजेड ते ३५ क्षारतेच्या समुद्राइतकाच वाकवते. मित्राने बारीक तराजूवर वजन केले. मी यंत्र बरोबर नेले होते. थेंब टाकले. रेषा एकतीसवर. मित्र म्हणाला, "तुझं यंत्र चारने चुकतंय." मी म्हणालो, "यंत्र नाही चुकत."

त्याच संध्याकाळी डॉक्टरांचा शेवटचा पेशंट जाईपर्यंत दवाखान्याच्या बाकावर बसून राहिलो. मग ती बाटली, यंत्र आणि वही टेबलावर ठेवली आणि सगळे सांगितले. नऊ दिवस, अठरा लिटर, स्क्रू. ते ओरडले असते तर बरे झाले असते. त्यांनी वही उघडली. "कोणत्या तारखेपासून?" मी बोट ठेवले. "आणि झिंगा?"

"मेला होता, सर. कात नव्हती."

ते बराच वेळ वहीकडे बघत होते. मग म्हणाले, "तांबड्या समुद्रात चाळीसमध्ये प्रवाळं जगतात, ठाऊक आहे ना? त्यांना पिढ्यान्पिढ्यांची सवय असते. आपल्या टाकीला तू नऊ दिवस दिलेस." आणि पेन माझ्यापुढे सरकवले. मी त्या तारखेपासूनचे सगळे ३५ आडवी रेघ मारून खोडले आणि शेजारी ३९ लिहिले. सात ठिकाणी. स्क्रू त्यांनी मलाच फिरवायला लावला. बाटलीतले थेंब काचेवर, रेषा पस्तीसवर. झिंग्याचे पैसे पगारातून कापून घ्या म्हणालो, तर त्यांनी उत्तर दिले नाही. त्या महिन्याचा पगार मात्र पूर्ण आला, आणि तो घेताना मला कसेसेच झाले.

क्षारता एकदम खाली आणणे हा दुसरा अपराध झाला असता. म्हणून रोज टाकीतले दोन लिटर काढायचे आणि दोन लिटर गोडे पाणी घालायचे, असे आठ दिवस केले. रोज सकाळी लेक्चरच्या आधी जाऊन मोजत होतो. ३८.५, ३८, ३७.५. पस्तीस दिसले त्या दिवशी अंतर्गत परीक्षेचा पेपर होता. त्याचे काय झाले ते विचारू नका. प्रवाळे उमलायला आणखी तीन आठवडे गेले. दोन उमललीच नाहीत.

दिवाळीला गावी जाताना औषधाच्या धुतलेल्या बाटलीत थोडा ताजा समुद्र भरून नेला. टाकीतला नव्हे, ड्रममधला, रात्रभर फिरलेला, पस्तीस. आजीला म्हणालो, समुद्र आणलाय. तिने बाटली उजेडात धरून पाहिली, नेहमीच्या सवयीने बोट बुडवून जिभेला लावले आणि थुंकली.

"ह्यो खारट न्हाय, कडू हाय!"

"मॅग्नेशियम असतं त्यात, आजी."

"आन् ह्यात मासं जगत्यात?"

"जगतात. मोजून असलं तर."

तिने तोंड धुतले. मग उरलेले पाणी तुळशीला घालायला निघाली; आमच्या घरात पाणी टाकून देण्याची रीत नाही. मी ओरडलो, "आजी, झाडाला नको, मरंल ते!" ती थांबली. अंगणाच्या मध्यावर बाटली हातात धरून, आता हे पाणी कुठे घालावे म्हणून इकडे तिकडे बघत उभी राहिली.